३१ अंशांपलीकडचा वायू

कांदिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांमध्ये आग विझवण्यासाठी कार्बन डायऑक्साइडची नळकांडी टांगलेली असतात. जानेवारीच्या पहाटे त्यांत खाली द्रव आणि वर वायू असे दोन थर असतात. मे महिन्यात दुपारी पारा ३३वर गेला की दोन्हींमधली रेघ उरलेली नसते. आतला माल धड द्रव नाही, धड वायू नाही. वायूसारखा तो बारीकशा फटीतही शिरतो आणि द्रवासारखा पदार्थ विरघळवतो. मुंबईच्या उन्हाळ्यात हे आपोआप घडतं. युरोपात ते लक्षात यायला प्रयोगशाळा लागली.

पहिला माग कानाने लागला. १८२२मध्ये फ्रान्सच्या कान्यार द ला तूरने तोफेच्या बंद नळीत द्रव आणि गारगोटीची गोळी घातली. नळी तापवत, हलवत तो ऐकत राहिला. एका तापमानाला गोळीचा द्रवातला चुबुक आवाज थांबला. पुढे १८६९मध्ये बेलफास्टच्या थॉमस अँड्रूजने कार्बन डायऑक्साइडची हद्द मोजून सांगितली: तापमान सुमारे ३१ अंश सेल्सिअस आणि दाब हवेच्या सुमारे ७३ पट. त्या अंशांपुढे कितीही दाबा, वायूचा द्रव होत नाही. दहा वर्षांनी ग्लासगोत हॅने आणि हॉगार्थ यांनी हद्द ओलांडलेल्या अल्कोहोलमध्ये क्षार विरघळवून दाखवले. दाब सोडताच ते बर्फासारखे खाली बसले. या सगळ्या गोष्टीचं बीज इथे आहे: दाब वाढवला की पदार्थ विरघळतो, सोडला की मोकळा होतो, आणि वाळवत बसायला द्रावक मागे उरत नाही.

धंद्यात मात्र ही विद्या कॉफीमुळे आली. जर्मनीत म्युल्हाइमच्या संस्थेत कुर्ट झोसेलने १९६०च्या दशकात कॉफीच्या दाण्यांतलं कॅफीन हद्द ओलांडलेल्या कार्बन डायऑक्साइडने काढलं. आपल्याकडे उपनगरातच, पवईच्या आयआयटीत, ममता मुखोपाध्याय यांनी नैसर्गिक अर्क काढण्यासाठी या रीतीवर काम केलं; त्यांचं त्या विषयावरचं पुस्तक २०००मध्ये निघालं. मसाल्यांचा, फुलांचा अर्क म्हटलं की हे तंत्र सगळ्यांना पटतं. प्लास्टिकचं नाव काढलं की भुवया उंचावतात.

आणि त्यात तथ्यही आहे. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होणारं पीएलए हे प्लास्टिक या वायूत जवळपास विरघळतच नाही. होतं ते उलटंच: वायू प्लास्टिकमध्ये शिरतो. साखळ्यांच्या मध्ये घुसून त्यांना सैल करतो, आणि एरवी ६० अंशांच्या आसपास मऊ होणारं पीएलए त्याहून बरंच आधी नरम पडतं. मग दाब एकदम सोडला की सोड्याच्या बाटलीचं बूच काढावं तसे आत बुडबुडे उठतात आणि प्लास्टिकचा स्पंज होतो.

कमी प्लास्टिकमध्ये काम भागवण्यासाठी अमेरिकेत एमआयटीच्या नॅम सुह यांनी १९८०च्या दशकात वायूने असे सूक्ष्म बुडबुडे भरायला सुरुवात केली होती. १९९६मध्ये तेच सुह डेव्हिड मूनी आणि रॉबर्ट लँगर यांच्यासोबत पीएलजीए या जैवविघटनशील प्लास्टिककडे वळले. चकत्या साध्या खोलीच्या तापमानाला, हवेच्या पन्नासहून अधिक पट दाबाखाली तीन दिवस ठेवल्या. दाब सोडल्यावर मिळालेल्या स्पंजात ९३ टक्क्यांपर्यंत पोकळी होती. दाब ७३च्या खालीच होता, म्हणजे हद्द ओलांडायचीही गरज पडली नाही. हेतू वैद्यकीय होता: शरीरात पेशींना वाढायला आधार द्यायचा, आणि त्यात क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकाचा अंशही नको.

हाच स्पंज मोठा केला की थर्माकोलचा पर्याय होतो. नेदरलँड्सच्या सिन्ब्राने 'बायोफोम' नावाने पीएलएचे मणी कार्बन डायऑक्साइडने फुगवले. थर्माकोल फुगवायला पेंटेन लागतो. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीची मखरं करणाऱ्यांवर मोठं संकट आलं, तेव्हा आपल्याकडे याची चर्चा व्हायला हवी होती. ती मखरं अखेर पुठ्ठ्याकडे आणि कापडाकडे वळली, आणि माझ्या मते ठीकच झालं. पीएलए कुजायला ६० अंशांच्या आसपासची खतभट्टी लागते. पोयसर नदीत टाकलेलं पीएलएचं मखर थर्माकोलसारखंच अडकून बसेल.

वस्तूंच्या वेष्टनांची गोष्ट वेगळी, ती गोळा करून भट्टीपर्यंत नेता येतात. जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४मध्ये पीएलएचं प्रात्यक्षिक संयंत्र सुरू केल्यामुळे दाणाही आता पुण्यापलीकडेच तयार होऊ शकतो. मुंबईतल्या गाळ्यात पावसाळ्यात तो कोरडा ठेवावा लागेल, कारण ओलावा घेऊन वितळवला की पीएलएच्या साखळ्या तुटतात. फुगवायचा वायू पंपाने दाबायचा तर आधी थंड करून द्रव करायचा, आणि मुंबईच्या पाण्याने ते भागत नाही, चिलर लागतो. हा वायू बहुधा दुसऱ्या कारखान्यात सुटलेलाच पकडून आणलेला असतो, त्यामुळे नव्याने प्रदूषण होत नाही. पण दाबायला, गार करायला आणि सोडलेला पुन्हा गोळा करायला वीज जाते. गाळेवाला पहिल्यांदा बिलच विचारेल, आणि हिरवेपणाचा हिशेबही त्याच बिलापासून सुरू करावा लागतो.