शरणपूरची मुलं

स्मरणिकेसाठी ‘परदेशातले अनुभव’ या विषयावर लिही, असा संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी आधी टाळलं. आपल्या बॅचमधले अमेरिकेच्या बर्फावर आणि दुबईच्या उन्हावर लिहू शकणारे पुष्कळ आहेत. मी १९९६ ते २००४ अशी आठ वर्षं केनियात, मोम्बासाला नोकरीत काढली. एका गुजराती मालकाच्या कारखान्यात मशिनरीच्या देखभालीचं काम. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. पण माझ्या एकशेवीस वर्षं आधी नाशिकहून मोम्बासाला गेलेली काही माणसं होती आणि त्यांच्याविषयी मात्र मला सांगायचं आहे. संपादकांनी विषय बदलायला परवानगी दिली, त्याबद्दल आभार.

नाशिकचा विद्यार्थी परदेशी गेला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे १९०६ साली लंडनला निघालेले सावरकर येतात. ते साहजिकच आहे. परंतु त्याच्या चाळीस वर्षं आधी, जानेवारी १८६६ मध्ये, नाशिकच्या एका शाळेतले नऊ विद्यार्थी मुंबईच्या बंदरात ‘थूल’ नावाच्या जहाजात बसले आणि झांझिबारला उतरले. त्यांना नेणारा माणूस होता डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन. आणि ते विद्यार्थी जन्माने आफ्रिकन होते.

ही गोष्ट मी पहिल्यांदा आपल्याच वर्गात ऐकली होती. आठवणाऱ्यांना आठवेल. आपले इतिहासाचे सर एकदा मलिक अंबरवरून विषयांतर करून म्हणाले, “अरे, लांब कशाला जाता? आपल्या शरणपूरला आफ्रिकेतली मुलं शिकत होती.” सर पुढचं सांगण्यासाठी फळ्याकडे वळले, नकाशा काढू लागले. आणि आपण सगळे मागे वळून एका मुलाकडे बघून हसलो. त्याचा रंग आपल्यापेक्षा सावळा होता, एवढंच. त्या दिवसापासून तो वर्गात ‘हबशी’ झाला, दहावीपर्यंत. ते नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारणारा मी होतो. सरांनी पुढे काय सांगितलं ते मी ऐकलंच नाही.

तर सरांचा तो अर्धा राहिलेला धडा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पूर्व आफ्रिकेतून गुलामांचा व्यापार जोरात होता. आजच्या मलावी, मोझांबिक आणि टांझानियाच्या आतल्या भागातून, विशेषतः न्यासा सरोवराच्या आसपासच्या याओ आणि इतर लोकांतून, माणसं पकडून किनाऱ्यावर आणत. किल्वा, झांझिबार इथून ती गलबतांत कोंबून अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे पाठवत. ब्रिटिश आरमार अशी गलबतं समुद्रात अडवी आणि सुटलेल्या माणसांपैकी काहींना मुंबईत आणून उतरवी. त्यांत लहान मुलं खूप असत. परत पाठवायचं तर गाव कुठलं ते त्यांना सांगता येत नसे, आणि पाठवलं तर पुन्हा पकडली जाणार हे उघड होतं.

त्याच सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने नाशिक शहराच्या पश्चिमेला एक ख्रिस्ती वसाहत उभी केली होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या, घरादाराला मुकलेल्या मराठी कुटुंबांना शरण मिळावं म्हणून ते शरणपूर. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे तिथले प्रमुख. मुंबईत उतरवलेली आफ्रिकन मुलं सरकारने त्यांच्याकडे सोपवायला सुरुवात केली आणि शरणपूरला ‘आफ्रिकन असायलम’ सुरू झालं. मुलांना लिहाय-वाचायला शिकवत, इंग्रजी शिकवत, सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवत. मुलीही होत्या. आजूबाजूला सगळी मराठी वस्ती, म्हणजे दिवसभर कानावर मराठीच पडत असणार.

धर्मांतराचा हेतू तिथे उघड होता आणि तो लपवण्याचं कारण नाही. मुलांना नवा धर्म मिळाला तशी नवी नावंही मिळाली. लिव्हिंगस्टनबरोबर गेलेल्या नऊ जणांची नावं बघा : सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, एडवर्ड गार्डनर, जेम्स रटन, अब्राहम परेरा... यांतली प्राइस आणि आयझेनबर्ग ही तर शरणपूरच्या पाद्र्यांची आडनावं. आईने हाक मारायचं नाव बहुतेकांच्या बाबतीत कुठल्याही कागदावर उरलेलं नाही. शिक्षण मात्र खरं होतं. त्या काळात नाशिक परिसरातल्या किती मुलांना इंग्रजी लिहिता येत होतं, याचा विचार केला म्हणजे ते कळतं.

१८६५ साली लिव्हिंगस्टन मुंबईत होता. आफ्रिकेच्या आतल्या भागात शेवटची मोठी मोहीम काढायची होती आणि त्याला तिथली भाषा थोडीफार जाणणारी माणसं हवी होती. तो नाशिकला येऊन गेला आणि ही नऊ मुलं त्याच्याबरोबर जायला निघाली. म्हणजे आपल्याच भूमीवर परत. पण लिव्हिंगस्टनची रोजनिशी वाचताना कळतं की ते इतकं सोपं नव्हतं. एक तर त्याचं या मुलांशी फारसं पटत नसे. आळशी, कामचुकार असं तो वारंवार लिहितो. (साहेबाच्या ओझ्याखाली रोज मैलोन् मैल चालणाऱ्यांनी स्वतःची रोजनिशी लिहिली असती तर तिच्यात काय सापडलं असतं, हे मला अजून जाणून घ्यायला आवडेल.)

त्या रोजनिशीतला एक प्रसंग मी कितीतरी वेळा वाचला आहे. १८६६ च्या जुलै महिन्यात ही मंडळी याओ प्रमुख मटाका याच्या गावी पोचली. तिथे अब्राहमला त्याचा मामा की काका, असा एक नातलग भेटला. इतक्या वर्षांनी, योगायोगाने. त्याच्याकडून कळलं की अब्राहमला पकडून नेल्यावर त्याची आई आणि दोन बहिणी यांनाही अरबांना विकलं गेलं. नातलगाने आग्रह केला, आता इथेच राहा. लिव्हिंगस्टननेही सांगितलं, राहा. अब्राहम राहिला नाही. जिथे आई नाही, बहीण नाही तिथे राहून काय करू, असं त्याचं म्हणणं होतं. तो पुन्हा ओझं घेऊन चालू लागला.

मी हे मोम्बासातल्या एका वाचनालयात पंख्याखाली बसून वाचलं तेव्हा माझी आई जाऊन चार महिने झाले होते. मला तिकीट वेळेवर मिळालं नव्हतं. त्यापुढे लिहीत नाही.

नऊ जणांतले काही वाटेत गेले. रिचर्ड आजाराने गेला, जेम्स बाणाने मारला गेला. काही सोडून गेले. गार्डनर आणि मब्रुकी म्हणून ओळखला जाणारा नॅथॅनिएल हे दोघे शेवटपर्यंत राहिले. १८७२ मध्ये लिव्हिंगस्टनच्या मदतीसाठी आणखी एक तुकडी निघाली, तिच्यात नाशिकचे सहा जण होते. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, रिचर्ड रटन, बेंजामिन रटन. ऑगस्टमध्ये ते त्याला जाऊन मिळाले आणि आठ-नऊ महिन्यांतच, १ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातल्या चिटांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी लिव्हिंगस्टन वारला.

इथून पुढचा भाग जगप्रसिद्ध आहे, फक्त त्यात नाशिकचं नाव सहसा येत नाही. सुसी आणि चुमा या दोघांच्या पुढाकाराने त्याच्या माणसांनी ठरवलं की प्रेत त्याच्या देशी पोचवायचं. हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. शरीर मीठ लावून उन्हात वाळवलं, झाडाच्या सालीत आणि कापडात गुंडाळलं. पुरताना प्रार्थना वाचली ती शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने. झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचं नाव आणि तारीख कोरली, तीही त्यानेच. अक्षर येत होतं म्हणून. त्या खोडाचा तो तुकडा आज लंडनला रॉयल जिओग्राफिकल सोसायटीकडे आहे. जेकबने कोरलेली तारीख ४ मे आहे, १ मे नव्हे, आणि त्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मी अर्थातच जेकबच्या बाजूने आहे!

मग हजार मैलांहून अधिक पायी प्रवास. वाटेत भेटलेल्या लेफ्टनंट कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने, इथेच पुरून टाका, असा सल्ला दिला. त्यांनी तो ऐकला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते समुद्रकाठी बागामोयोला पोचले. तिथून इंग्लंडपर्यंत जहाजावर प्रेतासोबत गेला तो जेकब. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लिव्हिंगस्टनचा दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत स्टॅन्लीसारख्यांबरोबर जेकब वेनराइट होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले ते नंतर. जेकबने त्या प्रवासाची डायरी इंग्रजीत लिहून ठेवली होती. तिचं भाषांतर त्याच वर्षी जर्मनीत छापलं गेलं. तो १८९२ साली आजच्या टांझानियात, उरांबो इथे वारला.

याच काळात मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी झांझिबारच्या सुलतानाशी बोलणी केली होती आणि १८७३ मध्ये तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. सुटलेल्यांसाठी आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर वसाहत हवी, असं ठरलं. ती वसवायला पाठवलं कोणाला, तर आपल्या शरणपूरच्या प्राइस पाद्र्यांना. १८७५ मध्ये मोम्बासा बेटासमोर, खाडीपलीकडे, फ्रिअरटाउन उभं राहिलं आणि शरणपूरची आफ्रिकन मंडळी बायकामुलांसह तिकडे गेली. दीडशेच्या आसपास माणसं असावीत. त्याआधी १८६४ पासून त्यांच्यातले काही जण जवळच्या रबाईला शिक्षक म्हणून काम करत होते. शरणपूरची आफ्रिकन शाळा त्यानंतर बंद पडली.

तिकडे त्यांना नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन’. नाशिकमध्ये ते आफ्रिकन होते, आफ्रिकेत मुंबईवाले झाले. कपडे वेगळे, राहणी वेगळी, इंग्रजी येणारे. शिक्षक, दुभाषे, कारागीर, धर्मोपदेशक अशी कामं त्यांनी केली, पण स्थानिकांना ते परके वाटत आणि गोरे मिशनरी त्यांना बरोबरीचं मानत नसत. पगारावरून, वागणुकीवरून खटके उडत राहिले. तरी १८८५ मध्ये त्यांच्यातल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना डीकन म्हणून दीक्षा मिळाली. आजच्या केनियातल्या चर्चमध्ये तो मान मिळालेले हे पहिले आफ्रिकन. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र सगळ्यांना पुरून उरला. तो १९३५ मध्ये मोम्बासाला वारला. चेंग्विम्बे हे त्याचं मूळ नाव. त्याच्या बाबतीत तेवढं तरी टिकलं.

मला हे सारं कळलं ते आमच्या कारखान्याच्या ड्रायव्हरमुळे. कुठला म्हणून विचारलं की मी ‘इंडिया’ म्हणून मोकळा होत असे. एकदा कसं कोण जाणे, नाशिक म्हणालो. त्याने गाडी हळू केली. “नासिक? माझ्या बायकोकडचे पूर्वज तिथून आले.” मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. न्याली पुलाच्या पलीकडे केंगेलेनी नावाचा चौक आहे. केंगेले म्हणजे घंटा. गुलाम पकडणाऱ्यांची टोळी आली की वसाहतीला सावध करण्यासाठी वाजवायची फ्रिअरटाउनची घंटा तिथे अजून आहे. मी वर्षभर रोज तिच्यावरून गेलो होतो. त्याने मला तिथे उतरवून दाखवलं. पुढच्या रविवारी घरी जेवायला नेलं. चपाती होती. स्वाहिलीतही तिला चपातीच म्हणतात, दुकानाला ‘दुका’ आणि गाडीला ‘गारी’. त्याच्या सासूबाईंनी मला विचारलं, नासिक समुद्रावर आहे का? मी नदीवर म्हणून सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं, आमची शाळा अजून आहे का?

मला उत्तर देता आलं नाही. शरणपूर रोडवरून मी दहा वर्षं सायकलने जात होतो आणि ती शाळा नेमकी कुठे होती ते मला माहीत नव्हतं. आज तिथल्या तिबेटियन मार्केटमध्ये आपण स्वेटर घेतो. विकणाऱ्यांचं गाव कुठलं, हेही मी कधी विचारलेलं नाही.

२००४ मध्ये परत आलो. पंचवटीतलं घर भावाने आधीच विकलं होतं. ते रास्तही होतं. मग इंदिरानगरला फ्लॅट घेतला.

या संमेलनाचे फोन करण्याचं काम आमच्या तुकडीतून माझ्याकडे आलं. यादीत त्या मित्राचा नंबर होता, पुढे कंसात कोणीतरी ‘हबशी’ लिहिलेलं होतं. नाव नव्हतं. मला ते आठवेना. आणखी चौघांना विचारलं, चौघांनाही आठवलं नाही. आडनाव एकाने सांगितलं, तेही चुकीचं निघालं. शेवटी शाळेच्या कार्यालयात जाऊन १९८१ चं दहावीचं हजेरीपट काढायला लावलं. लिपिक बाईंनी धूळ झटकून पान उघडून दिलं. अनुक्रमांक ३४.

मी फोन केला आणि पूर्ण नावाने हाक मारली. तिकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “कोण बोलतंय?” मी माझं नाव सांगितलं, वर्गातली ती गोष्ट सांगितली, आणि सरांनी त्या दिवशी पुढे काय सांगायला घेतलं होतं तेही सांगितलं. तो म्हणाला, “ते मी ऐकलं होतं. मी पहिल्या बाकावर होतो. जेकब वेनराइट. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं.”

संमेलनाला येणार का, याचं त्याने अजून नक्की सांगितलेलं नाही.