टाकळीचे घोडेस्वार: जूनमध्ये एकीकडे, डिसेंबरमध्ये दुसरीकडे

बल्लारपुरातून बोलतोय, मागून गाडीचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या.

बाबूराव शेडमाके आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत आहेत. ऑक्टोबर १८५८, चंद्रपूरचा तुरुंग, फाशी. पण त्याच्या वर्षभर आधी नागपुरात घोडेस्वारांचं एक अख्खं पथक बंडाच्या काठावर उभं होतं. ते फारसं कुणाला माहीत नसतं. मलाही नव्हतं.

झालं असं, की तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. वारस नाही, म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. आपला चांदाही त्यातच गेला. राजाची फौज मोडली आणि इंग्रजांनी ‘नागपूर इरेग्युलर फोर्स’ उभी केली. इरेग्युलर म्हणजे कंपनीच्या कवायती पलटणींच्या बाहेरची, त्या मुलखापुरती फौज. तिचं घोडदळ टाकळीला होतं. ही टाकळी आता नागपूर शहराच्या पोटात आहे.

१३ जून १८५७. बेत ठरला होता. रात्री शहरातून आगीचे फुगे आकाशात सोडायचे आणि ते दिसले की टाकळीच्या स्वारांनी उठायचं. त्याआधी दफेदार दिलदार खान पायदळाकडे गेला, ‘तुम्हीपण या’ म्हणायला. त्याने ज्याला विचारलं, त्यानेच त्याला पकडून दिलं! तिकडे इंग्रजांनाही कुणकुण लागली होती. माणूस टाकळीला पाठवला, तर स्वार घोड्यांवर खोगीर चढवत होते. विचार करा, एवढ्या जवळ आलं होतं ते.

फुगे उडालेच नाहीत. म्हाताऱ्या बाकाबाई भोसले यांनी आपलं सगळं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं. दिलदार खान फासावर गेला, मग इनायतुल्ला खान, विलायत खान, नवाब कादर खान. स्वारांची हत्यारं काढून घेतली आणि त्यांना टाकळीतच नजरेखाली ठेवलं.

इथवर गोष्ट सोपी आहे. मला अडवतं ते पुढचं.

नोव्हेंबरमध्ये याच घोडदळाला हत्यारं परत दिली आणि संबळपूरला धाडलं. तिथे सुरेंद्र साय उठले होते आणि त्यांच्यासोबत गोंड, बिंझाल जमीनदार. आपल्याकडच्यासारखंच जंगल, आपल्याकडच्यासारखीच माणसं. ३० डिसेंबरला कॅप्टन वूडने नागपूरच्या स्वारांना घेऊन कुडोपालीला हल्ला चढवला. ५३ जण मारले गेले, त्यात सुरेंद्र साय यांचे भाऊ छबिल सायही.

जूनमध्ये खोगीर चढवणारे हात, डिसेंबरमध्ये कुडोपालीत. सगळे तेच असतील असं नाही, पण पथक तेच. घाबरले? पोट होतं? की टाकळीतही सगळे मनापासून उठणार नव्हतेच? मला वाटतं, पाच महिने नजरेखाली बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची सोय उरली नसावी. पण हे माझं मत. कुडोपालीच्या माणसांना त्याचं काय?

पुढे ते दलही मोडलं. फासावर गेलेल्यांची नावं उरली, कुडोपालीला गेलेल्या स्वारांची नाही. तुमच्या घरात कुणाच्या पणज्याची टाकळीच्या घोड्यांची काही गोष्ट ऐकली असेल, तर मला व्हॉइस नोट टाका. चांगलीच पाहिजे असं नाही.