आवाज कुठून येतो?

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरचा रिसीव्हर गेला. गेला म्हणजे अगदी मुका झाला नाही. त्यावर रेडिओ लागत होता, जुन्या सीडी प्लेअरचा आवाजही येत होता, पण टीव्हीशी त्याचं बोलणं बंद झालं. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि सांगितलं, एचडीएमआयचा बोर्ड गेलाय, आणि तो आता मिळत नाही. गोव्याचा पाऊस, भिंतींना ओल, त्यात दिवसातून चार वेळा ये-जा करणारी वीज. चौदा वर्षं टिकला हेच पुष्कळ म्हणायचं.

खरी अडचण माझी नव्हती, आईची होती. तिला आता कमी ऐकू येतं. म्हणजे आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. टीव्हीचा आवाज वाढवला की पार्श्वसंगीत वाढतं, शेजाऱ्यांना फुकट मालिका ऐकायला मिळते, आणि आई विचारतेच, "काय म्हणाला रे तो?"

तर नवा रिसीव्हर घ्यायचा ठरलं. भाच्याने फर्मान काढलं, "मामा, घ्यायचा तर नऊ चॅनेलवाला घे. ८के पाहिजे, ॲटमॉस पाहिजे." दुकानदाराचं वेगळंच. "पात्रांव, वॅट बघा वॅट!" आणि खोक्यावर वीसेक चिन्हं चिकटवलेली. मी पडलो कलाशाखेचा पदवीधर. पण कचेरीतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीने एक गोष्ट शिकवली आहे. फाईल समजून घ्यायची तर वरची टिपणी वाचून भागत नाही, तळाचा पहिला कागद काढून बघावा लागतो. म्हणून दुकानातून हात हलवत परत आलो आणि तळाचा कागद शोधायला बसलो.

तो कागद १९३१ सालचा निघाला.

लंडनमध्ये ॲलन ब्लमलाईन नावाचा एक तरुण इंजिनियर होता. पुढे इएमआय झालेल्या कंपनीत नोकरीला. बोलपट नुकतेच आले होते. तो बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना त्याला एक गोष्ट खटकली. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलत्याच ठिकाणाहून. माणूस चालतो, पण त्याचा आवाज चालत नाही. यावर आपल्याकडे उपाय आहे, असं तो बायकोला म्हणाला म्हणतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया त्या एका अर्जात आहे. एकाच खाचेत दोन वेगवेगळे आवाज कोरायची युक्तीसुद्धा त्यात होती. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला मात्र १९५७-५८ साल उजाडलं. ते बघायला ब्लमलाईन नव्हता. १९४२ मध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला. वय अवघं अडतीस.

ब्लमलाईनची तक्रार आपल्या गावाकडच्या माणसाला लगेच कळेल. लहानपणी जत्रेतलं नाटक बघायला आम्ही मांडवात पुढे जागा धरून बसायचो. रंगमंचावर वरून माईक लोंबत असायचे आणि कर्णे बांधलेले असायचे उजवीकडच्या आंब्याला. राजा डावीकडे उभा राहून गर्जना करायचा आणि गर्जना यायची आंब्यावरून! सगळी पोरं आंब्याकडे बघायची. मोठ्यांना त्याची सवय झालेली होती. ब्लमलाईनला ती सवय झाली नाही, एवढाच फरक.

दुसरा कागद अमेरिकेतला, १९३३ चा. बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. त्यासाठी तीन माईक, तीन वाहिन्या आणि तीन स्पीकर वापरले होते : डावा, मधला, उजवा. लक्षात घ्या, दोन नव्हे, तीन. मोठ्या सभागृहात दोनच स्पीकर ठेवले तर बरोबर मध्ये बसलेल्याला गायक मध्ये आहे असा भास होतो खरा, पण बाजूला बसलेल्याला तो जवळच्या स्पीकरमध्ये शिरलेला वाटतो. मधला स्पीकर असला की मधला माणूस मध्येच राहतो. वॉल्ट डिस्ने यांनी १९४० मध्ये 'फँटासिया' काढला तेव्हा त्याच्यासाठी केलेल्या 'फँटासाउंड' यंत्रणेतही पडद्यामागे हेच तीन होते. पण ती यंत्रणा इतकी महाग पडली की मोजक्या ठिकाणी लागून बंद झाली.

मग घरी दोनच स्पीकर का आले? उत्तर साधं आहे. तबकडीच्या खाचेला भिंती दोन. दोन भिंतींवर दोन आवाज कोरता येतात, तिसऱ्याला जागा नाही. पुढे कितीतरी वर्षं जगातल्या बैठकीच्या खोल्यांमधून मधला स्पीकर गायब राहिला, त्याचं कारण ही एवढीशी खाच.

आता 'रिसीव्हर' या नावाकडे येऊ. हा शब्द मूळचा रेडिओचा. पूर्वी शौकीन लोकांकडे रेडिओ ट्यूनर वेगळा असे, अँप्लिफायर वेगळा. १९५४ मध्ये हर्मन कार्डन कंपनीने दोन्ही एका पेटीत बसवले. घरगुती हाय-फाय रिसीव्हरची सुरुवात तिथून मानतात. १९६१ मध्ये अमेरिकेत एफएमवर स्टिरिओ प्रक्षेपणाला मान्यता मिळाली आणि या पेटीचे दिवस आले. आमच्याकडे तेव्हाचा रेडिओ म्हणजे १९४६ मध्ये सुरू झालेलं पोर्तुगीज काळातलं 'एमिसोरा द गोवा', आणि १९६१ च्या मुक्तीनंतर त्याच्या जागी आलेलं आकाशवाणीचं पणजी केंद्र. आजच्या रिसीव्हरमध्येही कोपऱ्यात एफएम ट्यूनर बहुधा असतोच. अनेकांना तो आहे हेसुद्धा माहीत नसतं. नाव त्याच्यामुळे पडलं, आणि आता तोच घरातला उपरा झाला आहे.

सत्तरच्या दशकात वॅटची लढाई जुंपली. १९७८ चा पायोनियरचा एसएक्स-१९८० हा रिसीव्हर एका चॅनेलला २७० वॅट द्यायचा आणि त्याचं वजन होतं सुमारे ३५ किलो. तो तरी खरे वॅट देत होता. त्याआधी मात्र कंपन्या काय वाटेल ते आकडे छापत. शेवटी १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला : सलग किती वॅट, किती ओहमच्या स्पीकरवर, किती विकृतीसह, हे सांगितल्याशिवाय जाहिरात करायची नाही. आपल्याकडे असा धाक नव्हता. नव्वदीत मुठीएवढ्या प्लास्टिकच्या स्पीकरवर 'पीएमपीओ २००० वॅट' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

खरं गणित असं, की वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला फरक कळतो, पण थोडाच. सामान्य स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो. म्हणजे आपल्या घरगुती हॉलमध्ये बहुतेक वेळ रिसीव्हरचे दोन-चार वॅटच खर्च होत असतात. ऐंशी आणि शंभर वॅट यांत निवड करताना डोकं खाजवण्यात अर्थ नाही. आकडा दोन चॅनेल चालवून मोजलाय की एकच, एवढं मात्र बघावं.

याच दशकात एक फजितीही झाली. चार स्पीकरांची 'क्वाड्राफोनिक' पद्धत निघाली. सीबीएसची एसक्यू, सॅन्सुईची क्यूएस, जेव्हीसीची सीडी-४. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना. दशक संपायच्या आत सगळा बाजार उठला. हजारो लोकांच्या घरी चिन्हांनी भरलेले रिसीव्हर उरले आणि वाजवायला तबकड्या उरल्या नाहीत. आणि गंमत बघा, चार स्पीकर मांडले तरी मधला स्पीकर त्यात नव्हताच!

तो परत आणला सिनेमाने. रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून आपल्या भारतात होते. इथून गेल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. सुरुवातीचं काम ध्वनिमुद्रणातली खरखर घालवण्याचं. पुढे 'डॉल्बी स्टिरिओ' आलं. फिल्मच्या कडेच्या दोन पट्ट्यांत चार वाहिन्या गुंफायच्या : डावी, मधली, उजवी आणि मागची. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ते जगभर पोचवलं. मधली वाहिनी मुख्यतः संवादांची. १९८२ मध्ये ही गुंफण घरी सोडवणारी यंत्रणा आली खरी, पण तिच्यात मधला स्पीकर नव्हता. तो आला १९८७ च्या 'प्रो लॉजिक'मध्ये. रेडिओच्या पेटीचा होम थिएटर रिसीव्हर झाला तो इथे.

पुढचा प्रवास वेगात झाला. १९९२ चा 'बॅटमॅन रिटर्न्स' डॉल्बी डिजिटलमध्ये, १९९३ चा 'ज्युरासिक पार्क' डीटीएसमध्ये. १९९६-९७ मध्ये डीव्हीडी आली आणि ५.१ हा आकडा घरोघरी गेला. पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजासाठी एक सबवूफर. २०१२ च्या 'ब्रेव्ह'पासून चित्रपटगृहात ॲटमॉस आलं आणि २०१४ मध्ये घरच्या रिसीव्हरमध्ये. आता आवाज डोक्यावरूनही येऊ लागला आणि ५.१.२ असे तीन आकडे झाले. शेवटचा आकडा छताकडच्या स्पीकरांचा.

या सगळ्यात एचडीएमआयची तार २००२ नंतरची. २००९ मध्ये तिच्यात टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे नेणारी 'आर्क' सोय आली, २०१७ मध्ये सुधारित 'ईआर्क'. २०२० मध्ये नव्या एचडीएमआय २.१ चे पहिले रिसीव्हर आले तेव्हा त्यांतल्या एका चिपमध्ये दोष निघाला, काही नव्या खेळयंत्रांचं चित्रच दिसेना. कंपन्यांना कुठे जोडयंत्र द्यावं लागलं, कुठे बोर्ड बदलून. ज्यांनी घाईने पहिला माल उचलला, त्यांना हेलपाटे पडले.

इतकी फाईल वाचल्यावर माझ्या तरी ध्यानात दोन गोष्टी आल्या. एक, या पेटीत दोन आयुष्यं एकत्र राहतात. अँप्लिफायरचं आयुष्य वीस-तीस वर्षांचं, आणि एचडीएमआय व डिकोडर यांचं जेमतेम दहाचं. माझ्याकडे तेच झालं. स्पीकर तर त्याहून टिकतात. म्हणून पैसे स्पीकरवर जास्त घालावेत आणि रिसीव्हर मधल्या किमतीचा घ्यावा. दुसरी, चॅनेल किती आणि वॅट किती हे नंतरचे प्रश्न. पहिला प्रश्न ब्लमलाईनचाच : बोलणाऱ्याचा आवाज बोलणाऱ्याच्या तोंडातून येतो का? आणि आमच्या घरात त्याच्याआधी आणखी एक, तो शब्द कळतो का?

मग निवड सोपी झाली. आमचं घर कौलारू, छप्पर उतरतं. छताकडे आवाज फेकून तो खाली परतवणारे ॲटमॉसचे स्पीकर सपाट छताखालीच नीट चालतात. तेव्हा ते बाद. हॉल चौदा बाय बारा, मागे दरवाजा. नऊ चॅनेल मांडायचे कुठे? पाच चॅनेलचा, ईआर्क असलेला, माईक लावून खोलीचा आवाज मोजून स्वतःला जुळवून घेणारा रिसीव्हर घेतला. जुनी डावी-उजवी जोडी ठेवली. वाचलेल्या पैशात मध्ये ठेवायला एक बऱ्यापैकी स्पीकर आणला. टीव्हीखाली, किंचित वर तोंड करून, कानांच्या दिशेने. मागचे दोन सध्या नाहीतच. रिसीव्हरला तसं सांगितलं की तो उरलेल्यांत वाटणी करतो.

शेवटी दोन गोष्टी केल्या, त्या पैशांविना होतात म्हणून मुद्दाम सांगतो. मधल्या चॅनेलची पातळी तीन डेसिबलने वर नेली. आणि रात्रीची म्हणून जी सोय असते, धडाडधूम दाबून हळू आवाज वर उचलणारी, ती कायम चालू ठेवली. शौकीन लोक याला पाप समजतात. समजोत. पेटीच्या चारी बाजूंना बोटभर नव्हे, वीतभर मोकळी जागा ठेवली आणि वीज बेभरवशाची म्हणून स्टॅबिलायझर लावला.

भाचा येऊन बघून गेला. "मामा, एवढं वाचून शेवटी पाचचाच घेतलास?" असं म्हणून हिरमुसला. त्याचंही बरोबर आहे. त्याच्या खोलीला सपाट स्लॅब आहे आणि कान पंचविशीचे आहेत.

आईची खुर्ची खिडकीपाशी, म्हणजे अगदी डाव्या अंगाला. पूर्वी तिला सगळं डाव्या स्पीकरमधूनच यायचं. परवा एका जुन्या नाटकाचं चित्रीकरण लावलं होतं. मी फोनमध्ये डोकं घालून बसलो होतो. अचानक आई हसली. मी वर बघितलं आणि विचारलं, "काय म्हणाला गो तो?"

"तुझं लक्ष नको?" ती म्हणाली, आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागली.