फलक, नोंद आणि परवाना : इंग्लंडातील भंगार-व्यापाराच्या नियमनाचा इतिहास

‘नोंदणी’ आणि ‘परवाना’ हे दोन शब्द मराठी व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु कायद्याच्या भाषेत त्यांच्यातील अंतर मोठे आहे. नोंदणी करणारा मनुष्य आपण अमुक धंदा करीत आहोत एवढेच शासनास कळवितो. परवाना मागणारा तो धंदा करण्याची अनुज्ञा मागतो. पहिल्या ठिकाणी शासनाचे काम लिहून घेण्याचे, तर दुसऱ्या ठिकाणी निर्णय करण्याचे असते. इंग्लंड व वेल्स या प्रदेशांत जुन्या धातूंच्या व्यापाऱ्याला पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत येण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला. या स्थित्यंतराचा विचार केला असता एका उपेक्षित धंद्याची हकीकत तर कळतेच. शिवाय शासनाची संशयी दृष्टी वस्तूवरून माणसाकडे कशी वळत गेली, हेही दिसून येते.

या धंद्याविषयी कायद्याला इतकी चिंता का वाटावी, याचे उत्तर धातूच्या स्वभावात आहे. आपल्याकडील तांबट जुनी भांडी ‘मोड’ म्हणून वजनावर घेतात आणि त्यांचा भाव नव्या भांड्यांहून कमी असतो. कारण त्यांतील घडणावळ वजा झालेली असते. मोड म्हणजे रूप वजा जाता उरलेले द्रव्य होय. परंतु वस्तू कोणाची हे तिच्या रूपावरूनच ओळखता येते. चोरीचा घोडा विकला तरी घोडाच राहतो. चोरीचे शिसे मात्र एकदा मुशीत गेले म्हणजे ते देवळाच्या छपराचे की घराच्या नळाचे, हे कोणासही सांगता येत नाही. ज्या धंद्याचे नित्यकर्मच पुरावा वितळविणे हे आहे, त्यातील सज्जन व दुर्जन यांची निवड कशी करावी, हा प्रश्न इंग्लंडच्या विधिमंडळापुढे पुनःपुन्हा आला, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर निराळे दिले गेले.

पहिले उत्तर फलकाचे होते. १८५४ च्या व्यापारी नौकानयन कायद्यात ‘मरीन स्टोअर्स’चा, म्हणजे जुने दोर, नांगर, शिडे, लोखंड इत्यादी जहाजी सामानाचा, व्यापार करणाऱ्याने आपले नाव व धंदा किमान सहा इंच उंचीच्या अक्षरांत वखारीवर रंगविला पाहिजे, असे बंधन आढळते. त्याने खरेदीची वही ठेवावी, सोळा वर्षांखालील दिसणाऱ्या मुलाकडून माल घेऊ नये, असेही त्यात सांगितले आहे. या शब्दसंहतीचा अर्थविस्तार लक्षणीय आहे. समुद्राशी कसलाही संबंध नसलेली, चिंध्या, हाडे, बाटल्या व जुने लोखंड घेणारी लंडनच्या गल्लीबोळांतील दुकानेही याच नावाने ओळखली जात. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ (१८५२-५३) या कादंबरीतील क्रूकच्या दुकानावर हाच फलक आहे. जहाजे बाजूला राहिली आणि ‘मरीन’ हे विशेषण जवळजवळ निरर्थक होऊन नुसत्या भंगाराचा बोध करू लागले.

दुसरे उत्तर वजनाचे होते. जुन्या धातूंच्या व्यापाऱ्यांसाठी १८६१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. परंतु अधिक अर्थपूर्ण तरतूद १८७१ च्या गुन्हे-प्रतिबंधक कायद्यात आहे. एका वेळी ११२ पौंडांहून कमी शिसे, अथवा ५६ पौंडांहून कमी तांबे, पितळ किंवा कथील विकत घेणे हा व्यापाऱ्याचा अपराध ठरविण्यात आला. चोर सामान्यतः थोडा माल आणतो, असे गृहीत यामागे होते. परंतु थोडा माल गरीबही आणतो. फुटक्या पातेल्याचे चार पैसे करू पाहणारी गृहिणी आणि नळ कापून नेणारा चोर यांत तराजूला भेद करता येत नव्हता. शिवाय हा नियम व्यापारविषयक कायद्यात नसून गुन्ह्यांविषयीच्या कायद्यात आला, यावरून त्या धंद्याची समाजातील पायरीही ध्यानात येते.

तिसरे उत्तर नोंदवहीचे. १९६४ च्या भंगार धातू व्यापारी कायद्याचा अंमल १ एप्रिल १९६५ पासून सुरू झाला. प्रत्येक व्यापाऱ्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी, ती तीन वर्षे टिकावी, आणि मालाचे वर्णन, वजन, तारीख व आणून देणाऱ्याचे नाव-पत्ता वहीत लिहावे, अशी ही व्यवस्था होती. आवश्यक तपशील दिल्यावर नोंदणी नाकारण्याचा अधिकार संस्थेस नव्हता. अपराध सिद्ध झालेल्या व्यापाऱ्यावर मात्र न्यायालय अधिक बंधने घालू शके: सायंकाळी सहा ते सकाळी आठ या वेळात माल घेऊ नये, आणि आलेला माल निदान ७२ तास आहे त्याच रूपात ठेवावा. रूप हाच पुरावा, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मान्य झालेले दिसते. दारोदार फिरणाऱ्या संग्राहकास विशेष आदेशाने वहीच्या कामात सवलत मिळू शकत असे. त्याच्या धंद्याचे स्वरूप पाहता ती व्यवहार्य होती.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही व्यवस्था अपुरी ठरली. धातूंचे भाव चढले. फेब्रुवारी २०११ मध्ये तांब्याने टनास दहा हजार डॉलरची मर्यादा ओलांडली. रेल्वेच्या तारा, चर्चच्या छपरांचे शिसे, युद्धस्मारकांचे धातुपट यांची चोरी वाढली. २००५ च्या डिसेंबरात हर्टफर्डशायरमधून हेन्री मूर यांचे दोन टनांहून अधिक वजनाचे कांस्यशिल्प नाहीसे झाले होते. २०११ च्या डिसेंबरात लंडनच्या डल्विच उद्यानातून बार्बरा हेपवर्थ यांचे शिल्प गेले. कलाकृतीची किंमत रूपात आणि भंगाराची द्रव्यात असल्याने, अमोल वस्तू क्षुल्लक दराने विकली जाण्याचा हा प्रकार होता. वहीत खोटे नाव घालून रोख रक्कम घेऊन जाणाऱ्याचा माग लागत नसे. म्हणून ३ डिसेंबर २०१२ पासून भंगाराचे मोल रोखीने देण्यास बंदी झाली. फिरत्या संग्राहकास यातून काही काळ सूट होती. ती पुढील कायद्याने संपली.

हा पुढील कायदा म्हणजे रिचर्ड ओटावे या सभासदाच्या खासगी विधेयकातून निर्माण झालेला २०१३ चा भंगार धातू व्यापारी कायदा होय. त्यास २८ फेब्रुवारी २०१३ रोजी राजसंमती मिळाली आणि १ ऑक्टोबरपासून त्याचे मुख्य भाग अंमलात आले. ‘नोंदणी’ जाऊन ‘परवाना’ आला तो येथे. परवाने दोन प्रकारचे: एक वखारीचा, दुसरा संग्राहकाचा. मुदत तीन वर्षे. अर्ज करणाऱ्याने शुल्क भरावे, आपल्यावरील संबंधित अपराधांची व शासकीय कारवाईची माहिती द्यावी. त्यावरून तो ‘योग्य व्यक्ती’ आहे अशी संस्थेची खात्री पटली तरच परवाना मिळतो. नकार देण्यापूर्वी अर्जदारास बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि नकाराविरुद्ध २१ दिवसांत दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात अपील करता येते. ४ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणासाठी करविषयक पडताळणीही आवश्यक झाली. म्हणजे आता धातूबरोबर धातू घेणारा माणूसही पारखला जातो.

या कायद्याच्या व्याख्येतून सोने, चांदी आणि ज्यांत त्यांचा अंश वजनाने दोन टक्के वा अधिक आहे असे मिश्रधातू वगळले आहेत. कोकणीत सोन्याला ‘भांगार’ म्हणतात आणि मराठीत टाकाऊ मालाला ‘भंगार’. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरविण्याचे कारण नाही; परंतु या दोहोंमधील सीमारेषा इंग्रजी कायद्याने टक्केवारीने आखली आहे, एवढे नमूद करण्याजोगे आहे.

परवान्याचा खरा भार कोणावर पडला, हा प्रश्न मात्र उरतो. वखारवाल्याची जागा एकच असते. संग्राहकाचा परवाना तो देणाऱ्या संस्थेच्या हद्दीपुरताच चालतो. आणि लंडनसारख्या नगरात ३२ बरो व सिटी मिळून ३३ हद्दी आहेत. गाडी घेऊन फिरणाऱ्याचा रस्ता या हद्दी पाळीत नाही, तरी प्रत्येक हद्दीसाठी वेगळा अर्ज व वेगळे शुल्क त्यास द्यावे लागते. ब्रिटनमधील जिप्सी व ट्रॅव्हलर समाजांतील अनेक कुटुंबांचा हा परंपरागत व्यवसाय आहे. १८७१ च्या तराजूने अल्प मालास दूर ठेवले. २०१३ च्या अर्जाने अल्प धंद्यास कठीण दिवस आणले, असे म्हटल्यास ते अगदीच गैर ठरणार नाही. उलटपक्षी हेही मान्य केले पाहिजे की, नोंदणीच्या काळात सराईत अपराध्यालाही वहीत नाव घालता येत असे आणि त्याच्या स्पर्धेत प्रामाणिक व्यापारीच भरडला जात होता. सुनावणी व अपील यांच्या तरतुदींमुळे निदान मनमानीस काही आळा बसतो.

या इतिहासात जुने उपाय नाहीसे झालेले नाहीत; ते एकावर एक साचत गेले आहेत. संग्राहकाने परवान्याची प्रत बाहेरून वाचता येईल अशी गाडीवर लावावी, या नियमात १८५४ चा फलक आहे. नोंदी तीन वर्षे जपाव्यात, यात १९६४ ची वही आहे. अपराधी ठरलेल्या परवानाधारकावर माल ७२ तासांपर्यंत मूळ रूपात ठेवण्याची अट घालता येते, यात तर जुना आकडाच टिकून आहे. नवीन आहे ते ‘योग्य व्यक्ती’ हे पद. धातूची पारख करण्यास मूस व तराजू पुरतात. माणसाची योग्यता ठरविताना मात्र गतकालीन अपराधांच्या यादीवर भिस्त ठेवावी लागते. ही यादी न्यायाने वाचणे हे स्थानिक संस्थांचे काम असून, परवानापद्धतीचे बरेवाईट त्यावरच अवलंबून राहणार आहे.