दोरीचे वजन आणि तोळ्याचा हिशेब : गळाच्या एका प्रमाणाचा इतिहास

१/ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पट्टेदार बास नावाचा मोठा मासा मिळतो. पिसांचा वीतभर लांब कृत्रिम मासा दूर फेकून तो पकडायचा, तर काठी आणि दोरी यांचा मेळ कसा घालावा, हा तिकडचा जुना वादविषय आहे. रत्नागिरीत बसून त्यावर का लिहावे? कारण या मेळाच्या इतिहासात हिंदुस्थानचा बांबू आहे, सह्याद्रीचा रानकोंबडा आहे आणि, थोडे वळण घेऊन, आपला तोळाही आहे.

२/ प्रथम तत्त्व पाहू. आपल्या खाडीत गरवणारा माणूस तंगुसाला शिसे बांधतो. फेकले जाते ते शिसे. दोर त्याच्यामागून ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये हा क्रम उलटा आहे. गळाला बांधलेला पिसांचा पुंजका, म्हणजेच फ्लाय, इतका हलका असतो की तो स्वतःच्या वजनाने चार हातही जाणार नाही. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार करतात. फेकली जाते ती दोरी. फ्लाय तिच्यामागून जातो.

३/ काठीचे काम धनुष्याचे. मागे झेपावलेल्या दोरीच्या वजनाने ती वाकते आणि सरळ होताना साठलेली शक्ती दोरीला परत देते. दोरी हलकी पडली तर काठी पुरेशी वाकत नाही आणि फेक जवळच कोसळते. दोरी जड झाली तर काठी दबून जाते, सावरायला उशीर करते. म्हणजे प्रश्न मुळात वजनाचा आहे. तरीही हे वजन प्रमाण म्हणून लिहिले जायला १९६१ साल उजाडावे लागले. असे का, हाच या धाग्याचा विषय.

४/ काठीपासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथे सॅम्युअल फिलिपी या कारागिराने बांबूच्या चिरफळ्या तासून, चिकटवून काठी घडवली. पुढे अनेक दशके या काठ्यांचा बांबू हिंदुस्थानातून जात असे. व्यापारात त्याचे नाव होते ‘कलकत्ता केन’. हे नाव बंदराचे. तो कोणत्या रानात वाढला आणि कोणी तोडला, याचा त्या नावात मागमूस नाही.

५/ विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याची जागा ‘टोंकिन केन’ने घेतली. तो बांबू वाढतो दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात. टोंकिन म्हणजे उत्तर व्हिएतनाम. म्हणजे हेही नाव फसवेच. वसाहतकालीन व्यापारात मालाला मार्गाचे नाव मिळे, मुळाचे नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा नावांशी जरा थबकावे.

६/ आता पिसे. आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांना मेणासारखे चकाकणारे ठिपके असतात. इंग्लंड-स्कॉटलंडमधील सामन माशाच्या शोभिवंत फ्लायांमध्ये ही पिसे फार मानाची होती. या पक्ष्याला आज १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

७/ हा प्रवास एकाच दिशेचा नव्हता. दक्षिण कानडा जिल्ह्यात कलेक्टर राहिलेल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली मंगळुरात छापले गेले. विलायती काठी येथील नद्यांत, विशेषतः महासीरसाठी, कशी वापरावी हे ते सांगते. म्हणजे आपला बांबू समुद्रापार जात होता आणि काठीची विद्या आपल्याच किनाऱ्यावर इंग्रजीत छापली जात होती.

८/ दोरीकडे वळू. त्या काळी ती रेशमाची, तेल पाजलेली असे. तिची जात जाडीवरून ठरे आणि जाडी इंग्रजी अक्षरांनी सांगत. ‘ए’ म्हणजे इंचाचे ६० हजारांश. पुढच्या प्रत्येक अक्षराला ५ हजारांश कमी, असे ‘आय’पर्यंत २०. ‘एच-सी-एच’ म्हणजे दोन्ही टोके २५, मध्य ५०. रेशीम सर्वत्र जवळपास सारखेच असल्याने जाडी कळली की वजन कळे. अक्षर जाडीचे, पण त्याचे खरे काम वजन सांगण्याचे.

९/ ही व्यवस्था मोडली ती रसायनशाळेत. १९३८ साली नायलॉन जाहीर झाले. महायुद्धानंतर नायलॉन, डेक्रॉन, प्लास्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या बाजारात आल्या. नायलॉन रेशमाहून हलके, डेक्रॉन जड. आता दोन ‘एच-सी-एच’ दोऱ्या जाडीने सारख्या, पण वजनाने निराळ्या. अक्षर तेच राहिले, अर्थ निसटला.

१०/ त्याच सुमारास काठीही बदलत होती. काचतंतूच्या काठ्या येत होत्या आणि १९५०च्या अखेरीस अमेरिकेने चिनी मालावर निर्बंध घातल्याने टोंकिन बांबूचा पुरवठाही तुटला. काठी नवी, दोरी नवी, आणि दोघींना जोडणारे माप मात्र रेशमाच्या काळातले.

११/ अखेर १९६१ साली अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेने अक्षरे मोडीत काढून अंक आणले. नियम सोपा होता : दोरीचे पहिले ३० फूट तोला. ८ क्रमांक म्हणजे २१० ग्रेन, ९ म्हणजे २४०, १० म्हणजे २८०, १२ म्हणजे ३८०. साहित्य कोणतेही असो. तराजू सांगेल तेच खरे.

१२/ ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपली गुंज जशी वेलीची बी, तसेच हे. आणि हे दोन दाणे एकमेकांना पूर्वीच भेटले होते. १८३३च्या नियमाने कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. १८३५च्या कायद्याने रुपयाचे नाणेही त्याच वजनाचे झाले. त्याआधी गावोगावी शेर निराळे आणि टाकसाळीगणिक रुपये निराळे. ‘कच्चा शेर, पक्का शेर’ हे शब्द त्याच गोंधळाची खूण.

१३/ आता हिशेब करा. तोळ्याचे १२ मासे, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. ८ क्रमांकाची दोरी भरते १४ मासे, ९ क्रमांकाची बरोबर १६. (येथे मासा सोनाराचा, खाडीतला नव्हे.) बासच्या मोठ्या फ्लायांसाठी लागणारी १० क्रमांकाची दोरी दीड तोळ्याहून किंचित जास्त. हातातून झेपावणारे ओझे एवढेच!

१४/ योगायोग असा की भारताने १९५६च्या कायद्याने दशमान वजने स्वीकारली आणि १९५८पासून तोळा, शेर, मण टप्प्याटप्प्याने व्यवहारातून काढले. आपण ज्या सुमारास ग्रेनवर बेतलेला तोळा सोडत होतो, त्याच सुमारास अमेरिकेतील कारखानदार ग्रेन नव्याने उचलत होते.

१५/ आणि बास? हा मासा समुद्रात वाढतो व अंडी घालायला नदीत शिरतो. आपला जिताडा नेमका उलटा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लेफ्टी क्रे यांनी चेसापीक उपसागरातील बाससाठी ‘डिसीव्हर’ ही लांब पिसांची फ्लाय तयार केली. पुढे फ्लाय आणखी मोठ्या झाल्या. मोठी फ्लाय वारा अडवते, पाणी पिते. तिला ओढायला ९ किंवा १० क्रमांकाची आणि पुढच्या भागात वजन एकवटलेली दोरी लागते.

१६/ येथेच प्रमाण पुन्हा सैल झाले. नव्या काठ्या ताठ झाल्या. त्या वाकवण्यासाठी काही उत्पादक ठरल्याहून जड दोऱ्या विकू लागले. ९ क्रमांकासाठी मर्यादा २३० ते २५० ग्रेन. पण वेष्टनावर ९ आणि तराजूवर १० असे आज सहज घडते. म्हणून जाणकार अंकापेक्षा वेष्टनावरील ग्रेनचा आकडा आधी वाचतात.

१७/ अक्षर गेले कारण रेशीम गेले. अंक सैल झाला कारण काठी बदलली. माप म्हणजे वस्तूचा गुणधर्म नव्हे, तो माणसांमधला करार आहे. करार कागदावर तसाच राहतो आणि आतला व्यवहार बदलत जातो. १८३३पूर्वीच्या शेराबद्दल हे खरे होते, आजच्या दोरीबद्दलही खरे आहे. जुन्या कागदात ‘शेर’ दिसला की आपण विचारतो, कुठला शेर? तोच प्रश्न नव्या वस्तूंनाही विचारावा.

१८/ पडताळा घेणे अवघड नाही. दोरीचे पहिले ३० फूट, म्हणजे सुमारे ९.१४ मीटर, मोजून त्याची गुंडाळी सराफाच्या तराजूत ठेवा. साडेपंधरा ग्रॅम भरली तर ती ९ क्रमांकाची. अठरा ग्रॅमच्या आसपास भरली तर वेष्टन काहीही म्हणो, ती १० क्रमांकाची. काठी वेष्टन वाचत नाही. तिला फक्त वजन कळते.