स्वादुपिंडाची नलिका आणि सायकलचे हँडल

इ. स. १६४२ मध्ये इटलीतील पादुआ नगरीत योहान गेऑर्ग विर्सुंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने देहदंड झालेल्या एका गुन्हेगाराचे शव उघडले. जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडातून एक बारीक नलिका लांबवर गेलेली त्यास दिसली. ती कशासाठी असावी, हे त्याला उमगले नाही. त्याने तिचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले आणि छापील प्रती युरोपातील विद्वानांकडे धाडून त्यांचे मत मागविले. पुढल्याच वर्षी पादुआतच त्याचा खून झाला. नलिकेला मात्र त्याचे नाव राहिले. आणि आज एखादे मूल सायकलवरून पडून पोटाला मार लागल्यामुळे रुग्णालयात येते, तेव्हा स्वादुपिंडाविषयी शल्यविशारदाचा पहिला प्रश्न ही नलिका शाबूत आहे की नाही, हाच असतो.

विर्सुंगपूर्वी सुमारे दीड हजार वर्षे गेलनचे मत प्रमाण होते. त्याच्या मते हा अवयव म्हणजे मागच्या रक्तवाहिन्यांना आधार देणारी एक उशी! १६६४ मध्ये रेनिए द ग्राफने जिवंत कुत्र्याच्या स्वादुपिंडातून रस मिळविला, आणि एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार याने स्निग्ध पदार्थांच्या पचनात त्या रसाचे कार्य केवढे आहे, हे दाखविले. हा रस नलिकेत असेतो जणू निद्रिस्त असतो. आतड्यात पोहोचल्यावर जागा होतो. परंतु नलिका फाटून तो पोटात सांडला, की अन्न पचविणारे हेच द्रव्य आसपासच्या मांसावर चालून जाते. मुलांमधील या दुखापतीची सारी भीती येथे आहे.

या दुखापतीची पहिली प्रसिद्ध नोंद १८२७ सालची, लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्स यांची. मद्याच्या अमलात असलेल्या एका स्त्रीला घोडागाडीच्या चाकाचा आघात झाला; तिचे स्वादुपिंड पूर्ण तुटले होते, हे कळले ते शवविच्छेदनात. त्यानंतर जवळजवळ शतकभर निदानाची जागा हीच राहिली, किंवा फार तर शस्त्रक्रियेचे मेज. १९२९ मध्ये सेंट लुई येथील रॉबर्ट एलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील अमायलेज मोजून स्वादुपिंडाच्या रोगांचा माग काढता येतो, असे दाखविले. साधन उपयोगी, पण लहरी. पहिल्या काही तासांत आकडा सर्वसाधारण येऊ शकतो, आणि तो वाढला तरी इजा किती गंभीर आहे, हे त्यावरून सांगता येत नाही.

आता प्रश्न असा, की एवढ्या खोल दडलेल्या अवयवाला इजा होतेच कशी? उत्तर त्याच्या जागेतच आहे. स्वादुपिंड पाठीच्या कण्यावर आडवे टेकलेले असते. मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ, चरबी थोडी आणि बरगड्या लवचीक. सायकल घसरताना हँडल वळते, त्याचे टोक पोटात रुतते, आणि हँडल व कणा यांच्यामध्ये स्वादुपिंड ऐरणीवरील लोखंडाप्रमाणे सापडते. कातडीवर उमटतो तो नुसता वर्तुळाकार वळ. मूल उठते, कपडे झटकते, कधी सायकलही घरी आणते. पोटदुखी, उलट्या आणि ताप ही लक्षणे काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी डोके वर काढतात. ‘पडला होता, पण काही झाले नाही’ या वाक्याने जितका वेळ वाया गेला असेल, तितका तपासणीच्या साधनांच्या अभावीही गेला नसेल.

जे मूल अजून सायकलवर बसतच नाही, त्याला ही इजा झालेली आढळली तर? १९६२ मध्ये सी. हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी वडीलधाऱ्यांकडून होणाऱ्या मारहाणीवर लेख लिहिल्यापासून हा अप्रिय प्रश्न वैद्यांना टाळता येत नाही. घरच्यांनी सांगितलेली हकीकत आणि जखम यांचा मेळ बसतो का, हे त्यांना पाहावेच लागते.

उपचारांचा इतिहास एका शेजाऱ्यामुळे पालटला. स्वादुपिंडाचे शेपूट प्लीहेला टेकलेले असते. तुटलेला भाग कापताना पुष्कळदा प्लीहाही जात असे. १९५२ मध्ये किंग व शूमाकर यांनी, प्लीहा काढलेल्या अर्भकांना पुढे घातक जंतुसंसर्ग होतो, असे दाखविले. मग १९६८ मध्ये टोरोंटोच्या बालरुग्णालयातून पी. उपाध्याय आणि जे. एस. सिम्पसन यांचा प्लीहेच्या दुखापतीवरील लेख आला. मुलांची फाटलेली प्लीहा शस्त्राविना भरून येऊ शकते, या विचाराला त्याने मोठे बळ दिले. हेच उपाध्याय पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बालशल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. थांबण्याचे धैर्य प्रथम प्लीहेने शिकविले. स्वादुपिंडाची पाळी नंतर आली.

तथापि थांबायचे तर आत काय घडते आहे, हे दिसले पाहिजे. १९७१ मध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथम एका रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र काढले, आणि काही वर्षांतच पोटही त्या यंत्राच्या कक्षेत आले. दुर्बीण तोंडावाटे आतड्यापर्यंत नेऊन विर्सुंगच्या नलिकेच्या मुखाशी पोहोचण्याची वाट विल्यम मॅक्यून यांनी १९६८ मध्येच खुली केली होती. १९९० मध्ये अमेरिकन शल्यविशारदांनी इजेच्या पाच श्रेणी ठरविल्या. नलिका शाबूत असेल तर पहिल्या दोन. ती तुटली की तिसरी किंवा त्यापुढची.

पहिल्या दोन श्रेणींविषयी फारसा वाद नाही. सलाइन, वेदनाशामक औषधे, डोळ्यांत तेल घालून देखरेख, आणि पोट शांत होताच पुन्हा अन्न. वाद आहे तो तुटलेल्या नलिकेविषयी. २००१ मध्ये एकाच बालशल्यचिकित्सा नियतकालिकात दोन विरोधी लेख आले. डॅलसच्या शल्यविशारदांनी लवकर शस्त्रक्रिया करून तुटलेला भाग काढण्याचा पक्ष घेतला. टोरोंटोच्या मंडळींनी मात्र, स्वादुपिंड पूर्ण तुटूनही शस्त्रक्रियेवाचून बऱ्या झालेल्या मुलांचा दीर्घ काळानंतरचा वृत्तांत दिला. पुष्कळांचा तुटलेला भाग सुकून आक्रसला होता. पण मधुमेह कोणालाही झाला नव्हता. टोरोंटोला हे दृश्य अगदीच अनोळखी नसावे. याच नगरीच्या बालरुग्णालयात काही काळ शल्यविशारद असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांनी १९२० मध्ये अशीच कल्पना मांडली होती: नलिका बांधली, तर पाचकरस करणारा भाग सुकेल आणि इन्शुलिन देणारी द्वीपके उरतील. पुढे इन्शुलिन मिळविण्यासाठी ही युक्ती अनावश्यक ठरली.

थांबण्याची किंमत असते, हेही खरे. सांडलेला रस जठरामागे साचून कित्येक आठवड्यांनी त्याची आभासी पुटी बनते, रुग्णालयातला मुक्काम लांबतो. मात्र अशा पुष्कळशा पुट्या आपोआप जिरतात. न जिरणाऱ्या हल्ली दुर्बिणीच्या साहाय्याने जठरात वाट करून रिकाम्या करता येतात. २००१ मध्येच सॅन डिएगोहून तिसरा मार्ग सुचविला गेला: तुटलेल्या नलिकेतच दुर्बिणीतून बारीक नळी बसविणे. मुलाची नलिका अरुंद, आणि हे काम जाणणारे हात थोडे. म्हणून कापावे, थांबावे की नळी घालावी, याचा निर्णय आजही इजा कोठे आहे, ती होऊन किती वेळ गेला आणि त्या रुग्णालयात कोणते कौशल्य हाताशी आहे, हे पाहून एकेका मुलापुरताच घेतला जातो.