विणकाम आहे, विणकर नाही

मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद आपण दोन वेगळ्या कामांसाठी वापरतो. मागावर साडी विणली जाते आणि घरात बसून स्वेटरही विणला जातो. उर्दूतही तेच. कपडा बुनला जातो, स्वेटरही बुनला जातो. पण पहिले काम करणाऱ्याला दोन्ही भाषांत नाव आहे. मराठीत तो विणकर, उर्दूत बुनकर किंवा जुलाहा. मालेगाव-भिवंडीला त्याची वस्ती आहे, त्याची जमात आहे, सोसायट्या आहेत, संपांचा इतिहास आहे. दुसरे काम करणारीला मात्र नाव नाही. ती ‘विणकाम करते’, एवढेच.

हा फरक का पडला असावा, हे पाहायचे तर सुयांवरच्या आणि क्रोशाच्या विणकामाचा इतिहास थोडा मागे जाऊन वाचावा लागतो. आपल्याकडे या कामाला ‘मिशनच्या बायकांनी शिकवलेले’ असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे.

आधी कामातला फरक समजून घेऊ. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत गुंततात. सुयांवर एकच धागा असतो. त्याचे फासे करून एका फाशातून दुसरा ओढत जायचे. म्हणून विणलेला मोजा ताणला जातो आणि पायाला घट्ट बसतो. मागावरच्या कापडाला हे जमत नाही. क्रोशात सुईच्या टोकाला आकडा असतो आणि एका वेळी साधारण एकच टाका सुईवर राहतो. दोन सुयांच्या विणकामात मात्र शेकडो टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. त्यातला एक निसटला की खाली शिडी पडत जाते. ज्यांनी विणले आहे त्यांना ती धडकी ठाऊक असेल!

आता मोज्याकडेच वळू. मराठीतला ‘मोजा’ फारसीतून आला आणि उर्दूतली ‘जुराब’ अरबी ‘जौरब’पासून. फिक्हच्या ग्रंथांत जौरबवर मसह करता येतो की नाही, यावर इमामांची चर्चा आहे. जाड असेल तर चालेल का, चामडे लावलेले असले पाहिजे का, असे बारीक प्रश्न त्यात येतात. म्हणजे ही वस्तू आपल्या परंपरेला नवी नाही. इजिप्तमध्ये चौथ्या-पाचव्या शतकातले लाल लोकरीचे मोजे सापडले आहेत. चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्यांत अंगठ्याला वेगळा कप्पा आहे. मात्र ते दोन सुयांवरचे नाहीत. शिवायच्या सुईसारख्या एका सुईत दोऱ्याचा तुकडा ओवून, फासे गुंफून ते केलेले आहेत. दोन सुयांवर विणलेले जे सर्वांत जुने नमुने आज संग्रहालयांत आहेत, तेही इजिप्तचेच आहेत, पण इस्लामी काळातले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांमधले. जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या परिसरात असे तुकडे मिळाले. निळ्या आणि पांढऱ्या सुताचे हे काम इतके सफाईदार आहे, आणि काहींवर कूफी वळणाची अशी नक्षी आहे, की ते नवशिक्याचे हात नव्हेत हे उघड दिसते. त्यामागे पिढ्यांचा सराव असणार.

हाच हुनर पुढे स्पेनमध्ये दिसतो. कॅस्टिलचा राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा १२७५ साली वारला. बुर्गोसजवळच्या लास उएल्गास मठातल्या त्याच्या थडग्यात रेशमाच्या विणलेल्या उशीचा अभ्रा मिळाला. इंचाला वीसच्या आसपास टाके, म्हणजे मशीनच्या बनियनची आठवण व्हावी इतके बारीक काम. त्याच्या कडेला कूफी अक्षरांत ‘बरका’ हा अरबी शब्द विणलेला आहे. बरका म्हणजे आपली बरकत. एका ख्रिस्ती राजपुत्राच्या उशाला अरबी दुआ होती आणि ती विणणारे हात मुसलमान कारागिरांचे होते, असे अभ्यासक मानतात. राजपुत्राचे नाव, बापाचे नाव, मृत्यूचे साल सगळे नोंदलेले आहे. विणणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

चौदाव्या शतकात हे काम युरोपातल्या घराघरांत पोहोचले असावे. त्याचा पुरावा चित्रांत आहे. इटली आणि जर्मनीतल्या काही चित्रकारांनी हजरत मरियमना विणताना दाखवले आहे. त्यांतले १४०० सालच्या सुमाराचे मास्टर बर्ट्रामच्या कार्यशाळेतले चित्र आज हॅम्बुर्गला आहे. चार सुयांवर गोलाकार विणत, मुलाचा बिनशिलाईचा सदरा त्या पुरा करत आहेत. चित्रकाराने धर्मग्रंथातला प्रसंग रंगवताना आपल्या शेजारची बाई पाहिली असणार. आपल्या लेकराचे कपडे आपण विणणे ही गोष्ट तिथे इतकी रोजची झाली होती.

पण जिथे पैसा होता तिथे हे काम घरातून बाहेर आले. मोठ्या शहरांत विणणाऱ्यांचे संघ स्थापन झाले. काही वर्षे उमेदवारी करायची, मग परीक्षेसाठी ठरलेल्या वस्तू विणून दाखवायच्या आणि मग उस्ताद म्हणून मान्यता मिळवायची, अशी त्यांची रीत होती. सभासद बहुतेक पुरुष. आज ‘बायकी’ म्हटले जाणारे हेच काम एके काळी पुरुषांचा प्रतिष्ठित धंदा होते, आणि तेव्हा त्याला दर होता, नियम होते, नाव होते.

१५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणायचे यंत्र तयार केले. राणी एलिझाबेथने त्याला मक्तेदारीचा परवाना दिला नाही. हाताने विणून पोट भरणाऱ्या गरिबांचा घास जाईल, या विचाराने तिने नकार दिला, अशी कथा सांगितली जाते. ली फ्रान्सला गेला, तिथे त्याला आसरा देणाऱ्या राजाचा १६१० साली खून झाला आणि काही वर्षांत लीही वारला. यंत्र मात्र राहिले. त्याचा भाऊ ते इंग्लंडला परत घेऊन आला आणि नॉटिंगहॅमच्या परिसरात त्याच यंत्रांवर मोज्यांचा मोठा धंदा उभा राहिला. सव्वादोनशे वर्षांनी, १८११-१२ मध्ये, याच यंत्रांवर काम करणाऱ्यांनी रात्री जाऊन यंत्रे फोडली. घसरलेली मजुरी आणि हलक्या मालाने बुडवलेला धंदा ही त्यांची तक्रार होती. सरकारने १८१२ साली यंत्रे फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठरवणारा कायदा केला. कवी बायरनने लॉर्ड्सच्या सभागृहातले आपले पहिले भाषण या कायद्याच्या विरोधात केले, पण कायदा झालाच.

पोटासाठी हाताने मोजे विणणे त्यानंतर हळूहळू संपत गेले. उरले ते घरचे विणकाम. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम बायकांकडे आले की त्याला ‘छंद’ म्हणायची सोय होते. दोन्ही महायुद्धांत सैनिकांचे मोजे कमी पडले, तेव्हा ब्रिटन-अमेरिकेतल्या सरकारांना आणि संस्थांना हाच छंद राष्ट्रकार्य वाटला. युद्ध संपले आणि तो पुन्हा छंद झाला.

क्रोशाची गोष्ट वेगळी आहे. आज आपण ओळखतो तो क्रोशा एकोणिसाव्या शतकात पसरला. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा मठांतल्या जोगिणींनी आणि काही संस्थांनी गरीब मुलींना क्रोशाची लेस शिकवली. लागायचे काय? एक आकड्याची सुई आणि दोरा. त्या लेसवर कित्येक घरांत चूल पेटली. त्याच सुमारास ही सुई मिशनऱ्यांबरोबर आंध्रात गोदावरीच्या काठी आली आणि पुढे नरसापूर लेसचे केंद्र झाले.

नरसापूरच्या बायकांवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना दिसले ते असे. घरकाम सांभाळून बायका रोज कित्येक तास लेस विणतात, ती परदेशी जाते, व्यापारी मोठे होतात आणि बाईच्या हाती पडणारा पैसा शेतमजुराच्या किमान मजुरीच्याही पुष्कळ खाली असतो. कारण? सगळ्यांनी धरून चाललेले असते की या गृहिणी आहेत, ‘रिकाम्या वेळात’ विणतात. त्या बायकाही स्वतःबद्दल हेच सांगायच्या. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. वस्तूला नाव मिळाले, ही चांगलीच गोष्ट आहे. विणणारीला दर मिळतो का, हे मानांकनातून ठरत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दोन सुयांचे विणकाम यंत्राने कधीच गिळले. पण खरा क्रोशा करणारे यंत्र अजून बाजारात रुळलेले नाही. यंत्रे तशी दिसणारी जाळी काढतात, क्रोशा नाही. म्हणून दुकानात क्रोशाचा कुर्ता किंवा टोपी फार स्वस्त दिसली तर त्याचा अर्थ एकच. यंत्र स्वस्त झालेले नाही, कुणाचा तरी हात स्वस्तात मिळाला आहे.

आपल्या महाराष्ट्रात थंडी थोडी, त्यामुळे मोठ्यांचे स्वेटर कमी आणि लहानांचे जास्त. बाळंतविड्यातले टोपडे, मोजे, झबल्यावरचा स्वेटर हे आजी, नानी, मावशी यांच्या सुयांवरून यायचे. मूल वाढले की स्वेटर उसवायचा, लोकर वाफेवर सरळ करायची आणि दुसऱ्या रंगाची पट्टी घालून पुन्हा विणायचा. कापड फाटले की त्याचे फडके होते. विणलेली वस्तू मात्र आपला धागा परत देते. गरिबाच्या घरी ही मोठी बरकत होती. मग दर हिवाळ्यात गावोगावी तिबेटी विक्रेते लुधियानाचे स्वेटर घेऊन बसू लागले आणि नुसती लोकर घ्यायची म्हटली तरी तयार स्वेटर परवडू लागला. घरच्या सुया कपाटात गेल्या. क्रोशा मात्र टिकला तो मुसलमान घरांत, नमाजाच्या जाळीदार टोपीमुळे. दाऊदी बोहऱ्यांची पांढरी, सोनेरी काठाची टोपीही घरोघरच्या बायका क्रोशावर विणतात.

‘स्वतः विणले की स्वस्त पडते’ असे अजून कुणी कुणी म्हणते. हिशेब करून पाहू. छाती १०० सेंटीमीटर, उंची ६० सेंटीमीटर असा पूर्ण बाह्यांचा स्वेटर धरा. १० सेंटीमीटरला २२ टाके आणि ३० ओळी बसतात असे धरले, तर अंगाचेच सुमारे ४० हजार टाके होतात. बाह्यांचे आणखी २० हजार. एकूण ६० हजार. मिनिटाला २० टाके, तेही न उसवता, म्हणजे ३,००० मिनिटे. पन्नास तास! रोज दोन तास बसले तर २५ दिवस. लोकरीचे पैसे वेगळे. तुमच्या गावात रोजंदारीचा जो दर असेल त्याने गुणून पाहा. हाताने विणलेला स्वेटर स्वस्त कधीच नव्हता. त्यातले पन्नास तास आपण धरत नव्हतो, म्हणून तो स्वस्त वाटत होता.

हिशेबावरून खुलताबादची आठवण होते. तिथे औरंगजेबाची साधी कबर आहे. तो टोप्या शिवायचा आणि कुरआनच्या प्रती लिहायचा, हे लहानपणी आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्याच्या राज्यकारभारावर इथे बोलायचे नाही. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका मृत्युपत्रात म्हटले आहे की टोप्यांच्या कमाईचे चार रुपये दोन आणे शिल्लक आहेत, ते कफनाला वापरावेत. हे मृत्युपत्र अस्सल आहे की नाही यावर वाद आहे. पण गोष्ट टिकली आणि तिच्यासोबत आण्यांपर्यंतचा हिशेबही टिकला. बादशहा टोपी शिवतो तेव्हा ती हलालची कमाई ठरते, त्याची परहेजगारी ठरते. बाई टोपी विणते तेव्हा तो टाइमपास. काम तेच, हात बदलला की शब्द बदलतो.

शाळेत प्रवेशाचे अर्ज तपासताना मला हे दर जूनमध्ये दिसते. वडिलांच्या व्यवसायात हमाली, रिक्षा, पावरलूम असे काही तरी लिहिलेले असते. आईच्या रकान्यात ‘गृहिणी’. त्याच मुलीला विचारले तर ती सांगते की अम्मी रमजानच्या आधी टोप्या विणते आणि माझ्या वह्या त्याच पैशातून येतात. मी मुलींना सांगते, अर्जावर तेही लिहा. काही लिहितात, काही लाजतात. एकीने विचारले, “मॅडम, पण लिहायचे काय? विणकर?”

हो, विणकर. शब्द मराठीत आहेच, स्त्रीलिंगीही चालतो. आणि टोप्यांची ऑर्डर घ्यायला कुणी आले तर डझनाचा भाव मान्य करण्याआधी एका टोपीला किती तास लागतात ते मोजून ठेवायचे. घड्याळ प्रत्येक घरात आहे.